दाराची दोरी

दारूचा बुधला कुठंच दिसेना, तसे आमचं घर फुकटात उभारून द्यायला आलेले शेजारचे गडी ओंडके उचलायचे सोडून ओंडक्यांवरच बसले.

"पाद्रीबुवा, घसा कोरडा पडलाय," जेबेझ कूट्स म्हणाला. आमच्या अस्वलओढ्याच्या वस्तीत त्याच्याइतका ताकदीचा गडी नाही आणि त्याच्याइतका कोरडा घसाही नाही.

"वढ्याला पानी हाय की, जेबेझ," बा म्हणाला.

"पान्यात मासं मुतत्यात."

"दारू म्हंजी सैतानाची धार. माज्या घराच्या एकाबी ओंडक्याला ती लागायची न्हाई."

"मग देवदूत बोलवा. त्यास्नी पंख असत्यात. ओंडकं अल्लाद वर नेतील."

माझा बा, एझ्रा पिनॉक, मेथडिस्ट उपदेशक. महिना महिना घोडीवर बसून ओहायोचं रान पालथं घालायचा. झोपडी दिसली की उपदेश करायचा, तिथली कोंबडी खायचा आणि पुढच्या झोपडीच्या कोंबडीकडे निघायचा. अख्ख्या रानाला त्यानं स्वर्गात घरं मिळवून दिली होती. आम्ही मायलेकी मात्र दोन हिवाळे तीन भिंतींच्या छपराखाली काढले. चौथ्या बाजूला जाळ पेटवायचा. वारा फिरला की धूर आत, पाऊस फिरला की जाळ गार. रानातली डुकरं तर सख्खे पाहुणे असल्यासारखी न विचारता आत यायची. आईचं मागणं फार मोठं नव्हतं. चार भिंती आणि एक दार. पण पानगळ सुरू झाली होती. आज गडी उठून गेले असते, तर तिसरा हिवाळाही डुकरांच्याच सोबतीनं होता.

बानं खिशातून बायबल काढलं. गड्यांची तोंडं उतरली. बाच्या उपदेशात आदाम जन्माला येईस्तोवरच उन्हं कलतात.

मी हल्ली शाळेत सगळ्यांसमोर उभी राहून पाठ म्हणते, त्यामुळे माझी जीभ कुणाला भीत नाही. मी सरळ ओंडक्यावर चढले.

"ऐका, काका मंडळी. वंडका वर चढतोय तवर बा गप. तुमी बसला की बा सुरू. हाय का कबूल?"

बाला फार लागलं. "केतुरा, देवाचं वचन काय चाबूक हाय?"

आई चुलीवरचं डुकराचं मांस ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या तोंडात गेलं की चाबूकच व्हतंय. पोर बरूबर बोलतीया. करा सुरू."

बानं घसा खाकरला. "तर मंडळी, आधी निस्ता अंधार व्हता..."

जेबेझ ताडकन उठला. "धरा रं त्ये टोक."

मग काय विचारता! कुणी जरा टेकला की बा म्हणायचा, "तर आधी निस्ता अंधार," की तो माणूस विंचू चावल्यासारखा उभा. दिवसभरात बाला उजेडापर्यंत काही पोचता आलं नाही. दिवेलागणीला चारी भिंती उभ्या, वर आढं चढलेलं.

बाचे डोळे भरून आले. "बघितलंस, थर्झा? दारूच्या थेंबाबिगर. ही देवाची करणी."

"व्हय तर," जेबेझ कुऱ्हाड खांद्यावर टाकत म्हणाला. "त्येनं तुमास्नी गप ठिवलं."

आठवड्याभरात बानं दारही बसवलं. आतून लाकडी खिट्टी, तिला बांधलेली कातडी दोरी भोकातून बाहेर; ती ओढली की खिट्टी उचलते. आमच्याकडे दोरी बाहेर लोंबत असली तर या, बसा. आत ओढलेली असली तर चालू लागा. आई दिवसातून कितीदा तरी ते दार उगीच उघडायची आणि लावायची.

मग बा उपदेशकांच्या सभेला गेला आणि हसत हसत परतला.

"थर्झा, थोरल्या पाद्रीसायबांनी वाबॅश नदीच्या पल्याड धाडलंय मला. तिकडच्या आत्म्यांना कुनी वाली न्हाई बग. बांधाबांध कर."

"आन घर?"

"देव दील की."

"दिलंय. ह्येच की त्ये."

एवढं बोलून आईनं मला दंडाला धरून आत घेतलं, दार लावलं आणि दोरी आत ओढली.

"अगं, पाद्र्याची बायकू पाद्र्यामागं जाती," बा बाहेरून म्हणाला.

"बायकू जाती. भित्ती जात न्हाईत. पोरीची साळाबी घोडीवर बसत न्हाई."

 मग बाहेरून घसा खाकरल्याचा आवाज. "तर आधी निस्ता अंधार व्हता..."

"दारामागनं लई झ्याक ऐकू येतंय," आई म्हणाली. "चालू द्या."

आणि त्यानं चालू दिलं. आम्ही मक्याची भाकरी खाल्ली, तेव्हा बाहेर आदाम सफरचंद खात होता. भांडी घासली, तोवर जलप्रलय येऊन नोहाचं तारू निघालं. नेमका तेव्हाच खरा पाऊस आला. बा गप्प झाला. आईनं ओल्या हातानं दोरी चाचपली, पण बाहेर काढली नाही.

मग कुऱ्हाडीचा आवाज आला. एक घाव, दुसरा घाव. बा लाकडं फोडत होता. भिंतीशी चांगली चळत लागल्याचं ऐकू आलं, तशी आईनं दोरी भोकातून हळूच बाहेर सोडली.

बा वाबॅशपल्याड एकटाच गेला. अधूनमधून येतो. तिकडच्या लोकांना तो ठासून सांगतो म्हणे, की देवाचं दार नुसतं ठोठावलं तरी उघडतं. इथं आला की मात्र आधी मुकाट कुऱ्हाड शोधतो.