आयत्या वेळचं

हर्सूलच्या त्या मैफलीचा नियम सोपा होता. आयत्या वेळी दोघा-तिघा वादकांना एकत्र बसवायचं आणि तिथंच सुचेल ते वाजवायचं. धम्मपालनं मात्र क्लॅरिनेटवर एक धून आधीच घरी गच्चीत घोटून ठेवली होती. उगाच चारचौघांत फजिती नको, म्हणे! मंचावर तो डोळे काय मिटत होता, थांबून थांबून सुचल्याचं सोंग काय आणत होता! मधेच ढोलकीवरच्या विशाखानं भलताच ठेका धरला, तेव्हा त्याची धून सुटली. काही सूर त्याचे त्यालाच अनोळखी वाटले. पण घाबरून त्यानं लगेच पाठ केलेली वाट पकडली.

टाळ्या थांबल्यावर विशाखानं विचारलं, "हे सगळं आत्ता सुचलं?"

"व्हय," तो बोलून गेला.

तेवढ्यात त्याची आई मालनबाई कौतुकानं मंचापाशी आली. "लई गोड वाजवलंस, धम्मा. पण घरी रोज बिनचूक वाजवतोस, आज मधीच कसा काय चुकलास रं?"

धम्मपालला मान वर करवेना. तो क्लॅरिनेट पुसत राहिला.

ढोलकीवर खोळ चढवत विशाखा म्हणाली, "मावशी, तेवढंच तर त्यानं माझ्यासोबत वाजवलं."