बारा पिवळ्या चिठ्ठ्या

बटाट्याच्या वड्यांचा थर दिलेलं खिम्याचं पातेलं. खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर. चिकटपट्टीने बांधलेला रिमोट. बैठका कमी करण्यासाठी बोलावलेली बैठक.

यातली बैठक माझ्या पडद्यावरच्या मालिकेत भरते, बाकी सगळं माझ्या आजूबाजूचं. मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, मागे पोट सुटलेला. अमेरिकेतल्या डुलुथ गावात नळाचे भाग विकणाऱ्या कंपनीच्या जेवणाच्या खोलीत माझा मुक्काम आहे.

माल पाठवणारी आर्डिस रोज बारा वाजता एकाच जुन्या विनोदी मालिकेची डीव्हीडी लावते. गालिचे विकणारं ऑफिस आणि त्याचा बढाईखोर साहेब. त्यातली फॅक्सची यंत्रं कधीच भंगारात गेली. तो साहेब मात्र गेला नाही. दर काही वर्षांनी तो नवं नाव घेऊन आमच्याकडे नोकरीला लागतो. सकाळी गिळलेला राग माणसं दुपारी हसून बाहेर काढतात.

यंदा तो कर्टिस या नावाने आला. मला काढून तिथे ‘आपण एक कुटुंब आहोत’ असा फलक लावायचं त्याने ठरवलं. आर्डिसने हरकत घेतली, तेव्हा म्हणाला, गुप्त मतदान घेऊ. मग त्याने मतांसाठी चिठ्ठ्यांचे गठ्ठे वाटले. प्रत्येकाला वेगळा रंग. पिवळा त्याचा स्वतःचा.

हरलो तर शुक्रवारी माझी रवानगी कचराडेपोत होणार होती.

गोदामातला टेरेल पुटपुटला, “गुप्त म्हणे. यावर मालिकावाल्यांनी एक भाग काढायला हवा होता.”

“काढलाय की,” आर्डिस म्हणाली. “बस, दाखवते.”

त्या भागात सगळे घाबरून साहेबालाच मत देतात. त्या दिवशी कुणी फारसं हसलं नाही. भाग संपल्यावर आर्डिस उठली आणि तिने कर्टिसच्या टेबलावरच्या पिवळ्या गठ्ठ्यातून अकरा चिठ्ठ्या आणून सगळ्यांना वाटल्या.

गुरुवारी कर्टिसने मतांचा खोका उघडला. टीव्ही राहू दे. टीव्ही राहू दे. एकामागून एक अकरा चिठ्ठ्या, सगळ्या पिवळ्या.

“माझ्या चिठ्ठ्या कुणी घेतल्या?”

“मतदान गुप्त आहे ना, बाबा,” आर्डिस म्हणाली.

बारावी चिठ्ठीही पिवळीच होती. तिच्यावर ‘फलक’ लिहिलं होतं. तेवढं एकच मत कुणाचं ते सगळ्यांना कळलं.

मी तेव्हा बंद होतो, तरी खोली हसून हसून दणाणली. शेवटी कर्टिसही हसला, आणि पातेल्यातलं वाढून घेऊन सगळ्यांबरोबर बसला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि जिथे साहेबावर हसता येतं, ती जागा हातची जाऊ देऊ नका.

आर्डिसची ही मालिका पहिल्यांदा लागली, त्या वर्षी ती फारशी कुणी पाहिली नव्हती; आता रोज बारा वाजता अख्खी खोली तिच्यावर हसते.