डाग दिलेला गहू

मी गहू बोलतोय. पोत्यातला नव्हे, चितेगावच्या अलीकडं, जाळीच्या शेडमध्ये, सतरा नंबरच्या कुंडीत उभा असलेला.

मला पेरलं विशाखानं. शिकलेली पोरगी, तीन वर्षं तांबेरा रोगाच्या मागं लागलेली. पाणी घालायची गोजरबाई. तिचं आयुष्य बैलांत गेलेलं. दोघींचं बोलणं ऐकूनच मला माझ्या पोटातलं कळलं.

विशाखा सांगायची, तांबेऱ्याची बुरशी पानात शिरली की आतल्या एका प्रथिनाला तिचा सुगावा लागतो. ते शेजारच्या प्रथिनावर फॉस्फेटचा इवलासा शिक्का मारतं. शिक्का बसला की ते जागं होतं आणि पुढच्यावर मारतं. असा निरोप जातो.

"प्रथिन तेच, मावशी. शिक्क्यानं त्याचं काम बदलतं."

"म्हंजी नवरदेवाला बाशिंग बांधल्यावानी," गोजरबाई म्हणाली. "कालचाच गडी, पर आज चाल निराळी."

इतर गव्हांत हा निरोप रेंगाळतो, माझ्यात झटक्यात पोचत असावा, अशी विशाखाची अटकळ. गेल्या साली तांबेऱ्यातून माझंच वाण तेवढं वाचलं होतं.

माघात शेजारच्या शेतातला तांबेरा वाऱ्यावर आला. माझ्या पानांवर ठिपके उठले. विशाखा वाळूजला गेलेली. गोजरबाईनं फोनवर सांगितलं, सतराला डाग पडलेत. तिकडून हुकूम आला, उपटून जाळा, नाहीतर बाकीच्यांना लागंल.

गोजरबाईची मूठ माझ्या बुडाशी आली. मी काय बोलणार? पण तिनं आधी अंगठ्यानं पान चोळलं. तांबेरा असला की तांबूस भुकटी बोटाला लागते. अंगठा कोरडाच निघाला.

तिनं पुन्हा फोन लावला. "ह्यो पडलेला डाग नाय, दिलेला डाग हाय. बैलाचं दुखणं पसरू नये म्हून आमी तापल्या सळईनं डागायचो, तसं यानं सोताच डागून घेतलंय. उपटायचं तर तू येऊन उपट."

विशाखा आली ती हेल्मेट हातात धरूनच कुंडीपाशी बसली. भिंग लावलं. बुरशी शिरली तेवढीच जागा मी मारून टाकली होती. तिची वाट तिथंच खुंटलेली. विशाखानं भिंग खाली ठेवलं.

"मावशी, मी फोनवरच मारलं असतं याला."

"व्हय. शिकलेल्या हाताला घाई लई."

आता शिमगा सरलाय. ओंबी भरलीय, मी पिवळा पडतोय. घाबरू नका, हे दुखणं नव्हे, पिकणं आहे. शिक्का नेमका कुठं बसतो, हे विशाखाला अजून पुरतं उमगलेलं नाही. ते ती माझे दाणे पेरून त्यांना विचारील. गोजरबाई, आता खुशाल उपट.