जॉन जे यांचा लोकरी टोप

मी एक टोप बोलतोय. खोट्या केसांचा, पांढऱ्या लोकरीचा. देवासच्या जमुनाआत्यांनी जुना स्वेटर उसवून मला विणलं आणि कानांवर जाड गुंडाळ्या सोडल्या. भाचीसाठी, नववीतल्या ऋजुतासाठी.

धारला मराठी एकपात्री स्पर्धा होती. ऋजुताला जॉन जे व्हायचं होतं. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हाचा हा मुत्सद्दी. इंग्रजांशी तहाची बोलणी करणाऱ्यांतला एक, पुढे तिथला पहिला सरन्यायाधीश. तो टोप घालायचा का, कुणास ठाऊक! पण आत्यांच्या मते न्यायाधीश म्हटला की टोप हवाच.

ऋजुताची शाळा हिंदी. मराठी वाचताना ती अडखळे, म्हणून आत्या वाक्यं सांगत आणि ती पाठ करी.

"आत्या, इनके घर में गुलाम थे. ते का नाही सांगायचं?"

"बक्षीस हवंय ना? मग चांगलं तेवढंच सांगावं."

ऋजुतानं मला डोक्यावर नीट बसवलं आणि ती पुढचं वाक्य घोकू लागली. पण तिचं कपाळ तापलेलं मला आतून कळत होतं.

धारला सुरुवात झकास झाली. मग तिनं रुबाबात मान झुकवली आणि मी घसरलो तो थेट परीक्षकांच्या पायाशी! सभागृह खो खो हसलं. ऋजुता पुढचं सगळं विसरली. मी तर लाजेनं चुरगळलो.

परीक्षक दत्ताजी स्वतः निवृत्त न्यायाधीश. त्यांनी मला उचलून झटकलं.

"टोप आमच्या ताब्यात. आपण पुढे बोला, न्यायमूर्ती."

ऋजुताला हसू फुटलं. मग ती आपल्याच हिंदी मिसळलेल्या बोलीत, भैयाला 'भिया' म्हणत, बोलू लागली.

"मी एवढा मोठा न्यायाधीश, पण माझ्याच घरी गुलाम होते. हे मी लपवणार नाही, भिया! पुढे माझ्या राज्याचा गव्हर्नर झालो, तेव्हा गुलामी हळूहळू संपवायच्या कायद्यावर सही केली. देर से केली, पण केली. आता फैसला तुम्ही करा."

मग टाळ्याच टाळ्या. दत्ताजी तर मला मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी वाजवत होते.

दुसरं बक्षीस मिळालं. "बोललीसच शेवटी!" म्हणत आत्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच तिला जवळ ओढलं.

हल्ली मी देवासच्या घरात फ्रिजवर बसून असतो. ऋजुताचा धाकटा भाऊ चिंटू मला कधी ढग करतो, कधी मेंढी. माझी तक्रार नाही. पण कुणाला न्यायाधीश व्हायचं असेल तर खुशाल घेऊन जा मला. थोड्या गुदगुल्या होतील, तेवढ्या सोसा. बोलायचं मात्र तुमचं तुम्हीच!