फोन वाजवणारे गुरुजी

"वाजणार! आत्ता वाजणार!" गुरुजी व्यासपीठावरून ओरडले आणि भरल्या सभागृहात खरंच माझ्या दादाच्या हातातला ऑफिसचा फोन वाजला.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सोनार, विमावाले, घरं विकणारे, सगळे उठून उभे राहिले. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर आमच्या कंपनीचं नाव झळकत होतं आणि त्याखालचा 'नवे ग्राहक' हा आकडा एकाने वाढला. गुरुजी म्हणजे मोबाइलवर जाहिराती करून देणारा एक गृहस्थ. पांढरा टी-शर्ट, कानाला माइक, पाय अनवाणी. त्याला गुरुजी कोणी केलं, कोण जाणे. डोळे मिटून तो म्हणाला, "मी जाहिरात करत नाही. ज्याला कर्ज हवंय त्याच्या मनातली इच्छा मला ऐकू येते. मी तिला फक्त तुमचा पत्ता सांगतो."

"मला चहा हवाय, ते येतंय का ऐकू?" मी पुटपुटले. शेजारच्या सोनाराने डोळे वटारले.

दादाने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, "हॅलो, आज ऑफिस चालू आहे का?" पुन्हा टाळ्या. अहो, पण नवा माणूस व्याज विचारेल, कागदपत्रं विचारेल. ऑफिस चालू आहे का, हे तो कशाला विचारेल? मी हे दादाच्या कानात सांगितलं तर म्हणतो कसा, "तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच लागलीय."

आमची कंपनी ती केवढीशी! शिंपी, सुतार, सायकल दुरुस्तीवाले यांना आम्ही थोडंथोडं कर्ज देतो आणि महिन्याच्या सुरुवातीला हप्ते घेतो. दादा मालक, कागदपत्रं मी बघते, आणि दुकानोदुकानी फिरून नवी माणसं आणतात ते काका. काका नात्यातले नाहीत, पण बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. गुरुजींची फी भरायची तर काकांचा पगार बंद करावा लागणार होता. दादाने तेही ठरवून टाकलं. "यंत्र माणसं आणतंय म्हटल्यावर काकांनी या वयात उन्हातान्हात का फिरायचं?" म्हणजे काढून टाकायचं तेही त्यांच्याच भल्यासाठी! त्याने काकांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं साहेब" म्हणाले आणि छत्री उचलून निघून गेले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याआधी जाहिरातीसाठीच आणखी एक बाई येऊन गेली होती. ती सरळ म्हणाली, "किती ग्राहक मिळतील ते मी आज सांगू शकत नाही. आधी मला सांगा, आत्ताचे लोक तुमच्यापर्यंत कसे पोचतात?" दादाने तिला चहा पाजून वाटेला लावलं. "हिला स्वतःलाच काही माहीत नाही," म्हणे. खरं बोलली ती अडाणी ठरली! दादापुढे डोकं आपटून माझंच कपाळ फुटायची वेळ आली होती.

गुरुजींनी त्या सभेपासून काही दिवस फुकट नमुना दाखवायचं कबूल केलं होतं. मुहूर्त त्यांचाच. तो नेमका हप्त्यांच्या दिवसांत निघाला. रोज ऑफिसातल्या संगणकाच्या पडद्यावरचा आकडा वाढत होता आणि रोज दादा मला तो दाखवत होता.

एके दिवशी दुपारी मी डबा घ्यायला घरी गेले, तर वहिनी फोनवर आमच्या कंपनीचं नाव टाइप करत होती. सगळ्यात वर जे आलं त्यावर तिने बोट ठेवलं. बाजूला बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेलं.

"वहिनी, हे काय करतेस?"

"अगं, यांना जेवायला बोलावतेय. स्वतःचा मोबाइल कधी उचलतात का ते? आणि ऑफिसचा नंबर कोणाच्या लक्षात राहतो? नाव टाकलं की वरच येतो. रोज असाच लावते मी."

आमच्या पावत्यांवर अजून जुना, बंद पडलेला नंबर आहे. दादाला भूक लागली की तो शटर ओढतो, त्याला वेळेचं बंधन नाही. त्यामुळे हप्ता भरायला येणारा प्रत्येक जण आधी आमचं नाव शोधून फोन करतो, ऑफिस चालू आहे का म्हणून. गुरुजींनी जाहिरात लावली होती ती आमच्याच नावावर! तिच्या खालीच आमचा नंबर फुकटात दिसत होता, पण आधीपासून येणारी माणसं वरच्या जाहिरातीवर बोट ठेवत होती आणि पडद्यावर 'नवे ग्राहक' म्हणून मोजली जात होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजी करारावर सही घ्यायला आले. दादाने पेन उघडलं. मी वहिनीला ऑफिसात आणून कोपऱ्यात बसवलं होतं.

"गुरुजी, आकडा लावा ना पडद्यावर," मी म्हटलं. त्यांनी मोठ्या हौसेने लावला. वहिनीने बोट ठेवलं, टेबलावरचा फोन खणखणला आणि आकडा वाढला.

"बघितलंत? इच्छा!" गुरुजी म्हणाले.

दादाने स्पीकर लावला. "अहो, भाजी कुठली करू?" फोनमधूनही आला आणि कोपऱ्यातूनही.

"अभिनंदन दादा," मी म्हटलं, "नवी ग्राहक मिळाली तुला. हिच्याशी तुझं लग्न झालंय, तेवढं जरा आठव."

दादाचा चेहरा उतरला. गुरुजी मात्र पक्के! "घरच्या लक्ष्मीपर्यंतसुद्धा हाक पोचली! याला म्हणतात ताकद."

"मग आज दिवसभर जाहिरात बंद ठेवा," मी म्हटलं. "फोन यायचे थांबले तर सही मी करते."

"छे छे, बंद केलं की यंत्र शिकलेलं विसरतं. प्रवाह तुटतो."

दादा पेनाचं टोपण लावत म्हणाला, "तुटू द्या. बंद करा."

गुरुजींनी चरफडत बंद केली. थोड्याच वेळात फोन वाजला. शिंपी होता. "साहेब, ऑफिस चालू आहे ना? हप्ता भरायचाय." मग सुतार. मग सायकलवाला. पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही.

"तुमची श्रद्धाच नाही," असं म्हणून गुरुजी निघून गेले. सभेतल्या त्या सोनाराला मी सगळं समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "तुमचं तसं असेल, आमचं वेगळं आहे." त्याने वर्षाचा करार केला. आता अशा माणसापुढे काय बोलायचं!

संध्याकाळी दादा आणि मी काकांच्या घरी गेलो. दादाने हात जोडले आणि कसंबसं सगळं सांगितलं.

"साहेब, मला काढायला नुसता चमत्कार पुरला," ते म्हणाले. "परत घ्यायला मात्र पुरावा लागला."

दादाला मान वर करता येईना. काकांनाच त्याची दया आली असावी. "येतो सोमवारी," ते म्हणाले. "तोवर रुसू द्या जरा."

जाहिरात करूच नका, असं माझं म्हणणं नाही. आम्हीही त्या बाईला परत बोलावलंय. पण कोणी वाढणारा आकडा दाखवला की एवढंच विचारा: ही माणसं तुमच्याशिवाय आली नसती कशावरून? आणि एक दिवस बंद करून दाखवा म्हणावं. काय लागतं त्याला? आम्ही ते आधी केलं असतं, तर बाबांच्या वेळेपासून आमच्यासाठी फिरलेल्या माणसाच्या दारात असं तोंड लपवत उभं राहावं लागलं नसतं.