फुंकरबाबांची बाटली

माझा दादा दारूच्या आजारातून कायमचा बरा झाला.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही. मीही लिहिलं नाही. आमच्या घरात असं काही घडलंच नाही, आणि ज्या दिवशी ते घडलं नाही त्या दिवशी टाळ्या पिटणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे नव्हतो.

हे जे घडलं नाही ते एका लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये. खालच्या इस्त्र्यांची वाफ जिन्यातून वर यायची आणि लोक ती कृपा समजून छातीभर ओढून घ्यायचे. गर्दी एवढी, की एक गृहस्थ भलत्याच बाईंचा हात धरून घरी निघाले. दोघांच्या लक्षात आलं ते रस्त्यावर. समोर फुंकरबाबा. हातात काचेची बाटली, बाटलीत नितळ पाणी, पाण्यात नळी.

"दारू पोटात नसते!" बाबा गरजले. "पोट बिचारं निर्दोष! दारू बसते श्वासात! फुंक, बाळा!"

बाळाने, म्हणजे चाळिशी गाठलेल्या माझ्या दादाने, फुंकलं. पाणी धुरकटलं आणि बघता बघता दुधासारखं झालं. हॉलभर 'अरे बाप रे' पसरलं.

"हा पाहा राक्षस!"

"बाबा, पांढरा म्हणजे कुठल्या दारूचा?" मागून एकाने अभ्यासू आवाजात विचारलं.

"पांढरा म्हणजे मुरलेला," बाबा म्हणाले. अभ्यासू माणसाने मान डोलावली.

दादा दातांच्या कवळ्या बनवतो. पिण्याच्या काळात त्याचे हात थरथरायचे. एका निवृत्त न्यायाधीशांना त्याने अशी कवळी करून दिली होती, की ते अंत्ययात्रेतही हसताना दिसायचे. मग, बाबांच्या बऱ्याच आधी, डॉक्टरबाई भेटल्या, गोळ्या आल्या, दर गुरुवारी दारू सोडलेल्यांची बैठक आली. वर्षाहून जास्त काळ दादा थेंबाला शिवला नाही. पण डॉक्टरबाई 'बरा झाला' असं काही केल्या म्हणेनात. "आजार थांबलाय, गेलेला नाही. सांभाळायचा," एवढंच.

आणि सांभाळणं म्हणजे काय, ते बघायला आमच्या दारात या. आमच्याकडे दार उघडणारा आधी समोरच्याचं तोंड हुंगतो. विमा एजंटालाही सोडलं नाही. वहिनी या हुंगण्याला विटली होती.

"भावजी, कुणीतरी एकदाचं 'संपलं' म्हणा हो," ती म्हणायची.

फुंकरबाबांनी म्हटलं. आधी घरी रोज फुंकायला एक भरलेली मोठी बाटली दिली. त्यातलं पाणी ग्लासात ओतून दादा फुंकायचा, ते पांढरं व्हायचं, वहिनी राक्षस मोरीत ओतायची. शेवटी हॉलमध्ये नवी बाटली आली. दादाने गाल फुगेस्तोवर फुंकलं. पाणी नितळच राहिलं.

"गेला! मोकळा झालास! गोळ्या बंद, ती गुरुवारची बैठक बंद. मोकळ्या माणसाने आजाऱ्यांत कशाला बसायचं?"

ती नितळ बाटली बाबांनी आठवण म्हणून दिली. वहिनी रडली. टाळ्यांबद्दल मी वर लिहिलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात दादाच्या कारखान्यात कवळ्या भाजायची नवी भट्टी आली. त्या आनंदात मालकाने सगळ्यांच्या हातात दारूचे ग्लास दिले. दादाने घेतला. बऱ्या माणसाला एक चालतो, असा त्याचा हिशोब. आजाराचा हिशोब वेगळा होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला तो भिंत धरून. वहिनीला हुंगावंही लागलं नाही.

"प्यायलास?"

"छे! बाबांची बाटली आण. आण म्हणतो ना!"

त्याने त्या आठवणीच्या बाटलीत फुंकलं. खोलीभर दारूचा भपकारा, आणि पाणी नितळ.

"बघ! स्वच्छ आहे मी!"

वहिनी बाटलीकडे बघत राहिली. मग तिने मोरीवरची मोठी बाटली आणली, उरलेलं पाणी ग्लासात ओतलं आणि स्वतः फुंकलं. खोकल्याचं औषधही नाक दाबून घेणारी बाई. पाणी दुधासारखं.

"म्हणजे मी बेवडी आणि तू संत?"

मी हसलो. एकटाच. दादा खाली बसला आणि त्याने तोंड हातांत लपवलं.

आम्ही त्याला तसाच, दोन्ही बाटल्यांसकट, डॉक्टरबाईंकडे नेला.

"चुन्याची निवळी आहे ही," त्या म्हणाल्या. "आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती पांढरी होते. कुणीही फुंका. आणि शेवटच्या बाटलीत साधं पाणी."

"मी वाया गेलो ना, बाई?" दादाने विचारलं.

"घसरलात. दम्याचा रोगी परत धापा टाकायला लागला तर त्याला वाया गेला म्हणतो का आपण? तुमच्या मेंदूला हा आजार जडलाय, तुम्ही वाईट माणूस म्हणून नाही. आज इथेच राहा, पिणं एकदम थांबलं की त्रास होतो. तपासते, मग गोळ्यांचं बघू. आणि गुरुवारी बैठकीला जायचं."

दादा सावरल्यावर वहिनी आम्हा दोघांना घेऊन हॉलवर गेली. गर्दीतून वाट काढत तिने निवळीचा ग्लास बाबांच्या नाकाखाली धरला.

"फुंका."

"गुरू फुंकत नसतात, बाई."

"मग नाव बदला!"

लोक हसले. बाबांना फुंकावं लागलं. पाणी पांढरंफटक. वहिनीने निवळी, श्वास, साधं पाणी, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. तेवढ्यात तो अभ्यासू माणूस हुंदका देत ओरडला, "आपल्या सगळ्यांची दारू बाबांनी स्वतःवर घेतली!"

अर्धा हॉल रडायला लागला. उरलेला अर्धा आमच्याबरोबर जिना उतरला. अर्धा तर अर्धा.

खाली दादा म्हणाला, "सगळं कळलंय मला. तरी त्यांनी आत्ता परत 'संपलं' म्हटलं असतं ना, तर मी मान डोलावली असती."

वहिनीने त्याचा हात घट्ट धरला.

म्हणून एवढंच सांगतो. चमत्कार दिसला की न प्यालेल्यालाही फुंकायला लावा. आणि जो तुमची गोळी, तुमचा डॉक्टर, तुमची माणसं सोडायला सांगतो, त्याला आधी सोडा. दारू हा आजार आहे. त्यावर उपचार आहेत, फुंकर नाही.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांना नम्र विनंती की, त्यांनी आपल्या अधिकारात या आजाराला एक अंतिम तारीख निश्चित करून द्यावी, व ती आमच्या वहिनीस कार्यालयीन वेळेत समक्ष कळवावी.