सुगंधाच्या डोक्यावरची शिंगं

रविवारच्या दुपारी मुलुंडच्या टेकडीवरच्या चाळीचं अंगण माणसांनी गच्च भरलं होतं. मधोमध सुगंधा उभी; तिचे हात मागून नवऱ्याने, जयवंतने, धरलेले. चाळीतली पोरं तापाने फणफणत होती आणि झाडफूक करणाऱ्या विद्याधरबाबाने खापर तिच्यावर फोडलं होतं.

पाटावर बसलेल्या बाबाने मोबाइल जमिनीलगत धरून फोटो काढला नि गर्दीसमोर नाचवला.

"माणसाचा डोळा फसेल, कॅमेरा नाही फसत! हडळ आहे, हडळ!"

फोटोत सुगंधाचं तोंड काळंठिक्कर, डोक्यावर दोन वाकडी शिंगं. बायकांनी पोरं पोटाशी धरली. बाबा उठला. सपकन छडी बसली, सुगंधाचं कपाळ फुटलं.

"अहो, सोडा ना मला!"

तिने हात सोडवायला जयवंतला हिसका दिला. पण शिंगं त्यानेही पाहिली होती. त्याने पकड आणखी आवळली.

तेवढ्यात शेजारणीचा फोन मिळालेली त्याची बहीण दीप्ती चेंबूरहून धावत आली. ती लग्नांचे फोटो काढायची.

"दादा, डोकं फिरलंय का तुझं? हात सोड तिचे!"

पुढची छडी मध्ये पडलेल्या दीप्तीच्या मनगटावर बसली. ती हलली नाही; तिची नजर बाबाच्या मोबाइलमधल्या फोटोवर होती. उभ्यानेच तिने वहिनीचा फोटो काढला. शिंगं गायब, दिसत होता फक्त रक्ताने माखलेला चेहरा.

"पळाली हडळ! छडीचा गुण!" बाबा गरजला.

"पळाली ना? मग तुम्ही उभे राहा इथे. दादा, पाटावर बस, मोबाइल खाली धर."

जयवंतने सुगंधाचे हात सोडले, पाटावर बसून फोटो काढला. बाबाच्या डोक्यावर तीच शिंगं!

"आता वर बघा," दीप्ती म्हणाली. मागच्या अर्धवट इमारतीच्या गच्चीवर पिलरच्या दोन सळया आभाळात वाकल्या होत्या. "खालून काढलं की सळया डोक्यावर येतात. मागे आभाळाचा उजेड, म्हणून तोंड काळं. उभं राहून काढलं की मागे नुसती भिंत. फोटोत नवरीच्या डोक्यातून खांब उगवला तर मी जागा बदलते. नवरीला झोडपत नाही!"

गर्दीने छडी हिसकावली आणि बाबालाच तुडवायला सुरुवात केली.

"थांबा!" सुगंधा किंचाळली. "मलाही त्याने असंच मारलं ना? पोलिसांना बोलवा. आणि पोरांना आधी डॉक्टरकडे न्या!"

बाबाला पोलीस घेऊन गेले. पोरांना डेंग्यू निघाला. चाळीतल्या पाण्याच्या उघड्या पिंपांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सुगंधा दीप्तीबरोबर चेंबूरला गेली. जयवंतने "थांब" म्हटलं, तिने वळूनही पाहिलं नाही.

बाबाच्या मोबाइलने दिसलं तेच टिपलं होतं. अंगणातल्या एकालाही जागचं हलून बघावंसं वाटलं नाही, म्हणून एका बाईचं रक्त सांडलं. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी उठा, बाजूला व्हा, दुसरीकडून बघा. तोवर कुणावर हात उचलू नका.